रजनीच्या नडगीचं कवच

वाकलेला शाफ्ट सरळ करण्यात अच्युत वझलवारांच्या पासंगाला पुरेल असा माणूस भोपाळच्या त्या अख्ख्या कारखान्यात नव्हता. थोडा ताप, थोडा दाब आणि घाई नाही, हे त्यांचं सूत्र. नागपूरहून येऊन टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये बारा वर्षं झाली, पण त्यांनी एखाद्या लोखंडापुढे हात टेकलेले कोणी पाहिले नव्हते. माणसाला कामाचा अभिमान जरूर असावा. तो डब्याच्या पिशवीतून घरी आणला की मात्र घोटाळे होतात.

लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली त्यांची रजनी अकराव्या महिन्यात धरून उभी राहू लागली, आणि तिच्या डाव्या नडगीला पुढे बाक आलेला दिसला. अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे सात-आठ डाग जन्मापासून होतेच. अच्युतरावांची आई, मनोरमाबाई, त्यांना भाग्याची खूण म्हणायच्या. आईपुढे कोण बोलणार?

अच्युतरावांनी कोणालाही विचारलं नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, आतून जाड कापड लावलं, दोन स्क्रू बसवले आणि दर रविवारी अर्धा आटा पिळायचा नेम सुरू केला. पोर कळवळून रडायची.

"अहो, दुखतंय तिला," बायको शालिनी म्हणायची.

"सरळ होताना दुखणारच."

पाचव्या रविवारी शालिनीने पट्ट्या काढून टाकल्या आणि पोरीला छातीशी धरलं. "आधी डॉक्टर, मग तुमचा स्क्रू. नाहीतर मी एकटी जाते." सात वेळा विचारून साडी घेणारी ही बाई आज विचारत नव्हती. अच्युतरावांनी मुकाट्याने सोमवारची रजा टाकली.

मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, डाग मोजले, मग सोबत आणलेल्या त्या पट्ट्या उचलल्या.

"ये किसने बनाया?"

"मैंने. हर इतवार आधा चक्कर कसता हूँ," अच्युतराव म्हणाले. आवाजात अजून जरा ऐट होतीच.

"न्यूरोफायब्रोमॅटोसिस है इसे. ये दाग और ये हड्डी, दोनों उसी के हैं. हड्डी अंदर से कमज़ोर है. टूटी, तो कई बार ऑपरेशन से भी नहीं जुड़ती. और आप हर इतवार उसे तोड़ने बैठते थे."

अच्युतरावांना आपल्याच हातांची भीती वाटली. शालिनीकडे बघायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "हाथ में सफ़ाई है आपके. इसे सीधा नहीं करना है, बचाना है. पैर जैसा है, वैसा ही खोल बनाइए. कहीं दबे नहीं. हर बार मुझे दिखाइए."

नडगीचा प्लॅस्टरचा साचा घेऊन अच्युतराव कामाला लागले. पण सवय कुठे सुटते? पहिले दोन खोल, म्हणजे नडगीची कवचं, त्यांच्या हातोडीखाली आपोआप सरळच झाले. ते त्यांनी मोडीत टाकले. तिसऱ्याच्या वेळी ते प्रत्येक ठोक्याआधी साच्यावरून बोट फिरवत गेले. तो रजनीच्या पायासारखाच वाकडा उतरला, आणि अच्युतरावांना भर दुपारी कारखान्याच्या शॉपमध्ये रडू फुटलं. बरोबरचा फिटर बाळू म्हणाला, "साहब, ये तो टेढ़ा है!"

"हाँ. एकदम सही टेढ़ा है."

डॉक्टरांनी तो तपासला, नडगीवर नीट बसवला, चालू द्यायला हरकत नाही म्हणाले. पोर वाढेल तसा दर सहा महिन्यांनी नवा करायचा, आणि पुढचं पुढे. हाड आयुष्यभर टिकेल असं वचन त्यांनी दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात क्वार्टरच्या अंगणात रजनीने पहिली चार पावलं टाकली आणि डाव्या पायावरच धाडकन पडली. मनोरमाबाईंनी डोळे मिटले. अच्युतराव धावले, खोल काढला, नडगी वरपासून खालपर्यंत चाचपली. हाड शाबूत होतं. पोर रडत होती ती बापाने पकडून ठेवलं म्हणून. खोल पुन्हा चढवताच ती त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि सुटायला धडपडू लागली.

तिला उचलून घरात न्यावं, आयुष्यभर कडेवरच ठेवावं, असं अच्युतरावांना फार फार वाटलं. शालिनी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

जीव मुठीत धरून अच्युतरावांनी लेकीला सोडलं.