पेइ-झनचा शिक्का

माझा थोरला, बिंग-रुई, आईला भेटायला येतो असं गल्लीतल्या लोकांना वाटतं. भेटायला कसला येतो! माशाची पेज ओरपतो, बापाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची सोडून नुसती मान हलवतो, आणि जाताना हाताला लागेल ते उचलून नेतो. पंखा नेला, छत्र्या नेल्या, माझी जड कढई त्याच्या ऑफिसात सापडली. तेव्हा मी बोलले नाही. पोटचं पोर आहे, नेईना का. पण सातवा महिना लागायच्या आदल्या दिवशी त्याने जे नेलं, त्यावर मी गप्प बसणार नाही. अख्ख्या ताइनान शहराने ऐकलं तरी चालेल.

त्याने माझ्या धाकट्या सुनेचा शिक्का नेला. नेला, वापरला आणि गुपचूप परत आणून ठेवला. परत ठेवला की चोरी धुतली जाते, हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलं कोण जाणे. मी तर चांगल्या शाळेत घातला होता.

घरातल्या सगळ्यांच्या नावाचे शिक्के माझ्याकडे असतात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सही काय, कुणीही वेडीवाकडी ओढेल. शिक्का उमटला म्हणजे माणूस बोलला. पेइ-झन लग्न होऊन आली तेव्हा तिने आपला शिक्का दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला होता. बोटाएवढा, साध्या लाकडाचा. मी तो डब्यात ठेवला तेव्हाच ती माझी झाली.

धाकटा माझा बोटीवर असतो, महिने महिने तोंड दिसत नाही. पेइ-झन थोरल्याच्या कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे दोन खोल्या, डझनभर पोरं आणि एक पेटी. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पेटी. वेळ झाली की आमच्या बोलीत बोलते, "आजी, सकाळच्या गोळ्या घ्या," आणि तेवढाच एक कप्पा उघडते. पेटीचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्राम, बिंग-रुईची पोरं लिहितात. ते डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासायचं काम पेइ-झनचं.

त्या उन्हाळ्यात एक पेटी माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. पेइ-झन तिच्याशी असं वागायची की बघणाऱ्याला वाटावं, हिचंच डोकं तपासायला हवं. नको ते बटण दाबायची. ओल्या हाताने दाबायची. गोळी न घेताच "घेतली" म्हणून दाबायची. झाकण अर्ध्यावर उघडून सोडून द्यायची.

"अगं, नीट वापर की," मी म्हटलं. "वाट लावशील तिची."

"आई, नीट वापरली तर ती चालतेच. भाऊजींनी नीट वापरूनच बघितलीय." तिने पेटी उलटी धरून हलवली. "आ-थो मावशी नीट वापरणार आहेत का?"

"आ-थो? ती टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये ठेवते."

"मग त्यांच्या आधी मला आ-थो मावशी व्हायला हवं."

आ-थो आमची शेजारीण. शेजारीण आता, आधी कितीतरी वर्षं मासळी बाजारात माझ्या मासे कापायच्या फळकुटाच्या पलीकडे उभी असायची. आमच्या तळ्यातला मासा म्हणजे काट्यांचं पोतं. मी काटे काढायचे, आणि ती मांसावरून बोट फिरवून बघायची. मी काढलेल्यावर मीच बोट फिरवायचं नाही, असा आमचा कायदा. कारण आपल्या हातून काटा राहिला हे आपल्या बोटाला कबूलच नसतं. ते पुढे सरकतं. आमच्या गिऱ्हाइकाच्या घशात कधी काटा गेला असेल तर सांगा.

एका दुपारी पेइ-झनने पेटीची वायर भिंतीतून उपटली आणि परत लावली. पेटी जराशी मुकी झाली, मग लख्ख आवाजात म्हणाली, "आजी, सकाळच्या गोळ्या घ्या." दुपार टळत आली होती. सकाळचा कप्पा केव्हाच रिकामा झाला होता. तर पेटीने उद्याचा उघडला!

मला हसू आलं. पेइ-झन हसली नाही. तिने वायर परत उपटली, परत लावली. परत तेच.

"वीज गेली की ही विसरते, आई. गोळ्या दिल्यात हेच विसरते." तिने लगेच ऑफिसात फोन लावून पोरांना पायरी पायरीने सांगितलं, काय केलं, आधी काय, नंतर काय, म्हणजे त्यांना तिकडे तस्संच घडवून बघता यावं. त्यांनी बघितलं, आणि कामाला लागले.

मग तो दिवस आला. सातव्या महिन्यात आमच्याकडे भुतांना मोकळीक असते. तेव्हा कुणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, नवीन वस्तू दारात घेत नाही. आणि तो महिना लागायच्या आदल्या दुपारी बिंग-रुई माझ्याकडे पेज ओरपत बसला होता. समोर पेइ-झन उभी.

"दुरुस्त झालंय," तो म्हणाला. "शिक्का मार, संध्याकाळी माल निघू दे."

"दुरुस्त झालंय असं पोरं म्हणतात. मी बघितलेलं नाही. आणि तेवढंच बघून भागत नाही, भाऊजी. त्या दुरुस्तीने दुसरं काही मोडलंय का तेही बघायला लागतं. थोडे दिवस द्या."

"दिवस कुठून देऊ? त्या वृद्धसेवा केंद्राच्या बाई भुतांच्या महिन्यात नवीन पेटी घेणार नाहीत. आज गेली नाही तर महिना गेला. तोवर दुसरा कुणी त्यांच्या दारात उभा राहील."

"मग माझ्या शिक्क्याशिवाय पाठवा."

"तपासणाऱ्याच्या शिक्क्याशिवाय त्या घेत नाहीत, माहितीय तुला."

"माहितीय. म्हणूनच मारत नाही."

तो माझ्याकडे वळला. "बघ आई, दिवसभर यंत्रं बिघडवत बसायचं आणि पगार घ्यायचा, वर ही भाषा."

"काटा काढला म्हणतोस," मी म्हटलं. "बोट फिरवलंस का?"

"आई, हे मासे नाहीत!"

"मासे बरे. नासले की वास तरी येतो."

पेइ-झन ऑफिसला निघून गेली. मी मागच्या अंगणात दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याचं टेबल घासायला गेले. आत आले तेव्हा वाडगा चाटूनपुसून ठेवलेला होता आणि पोरगा गेलेला. नंतर एकदा तो पेरू घेऊन आला. आईसाठी पेरू! त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

पेट्या त्याच रात्री, महिना लागायच्या आत, घरोघर लागल्या. आ-थोकडेही लागली. पेइ-झनला बिंग-रुईने सांगितलं की केंद्राच्या बाई शिक्क्याशिवाय घ्यायला तयार झाल्या. तिने विश्वास ठेवला. मीही ठेवला. घरातला माणूस आहे, का ठेवू नये?

मग पहिलं वादळ आलं. मोठं नव्हतं, नुसतं किनाऱ्याला घासून गेलं. सकाळभर वीज जात-येत होती. वारा पडल्यावर मी माशाचं कालवण घेऊन आ-थोकडे गेले. ती टेबलावर डोकं टाकून बसली होती. अंग घामाने थंड, डोळे अर्धे उघडे, बोलणं दारू प्यायल्यासारखं.

"आ-थो! काय खाल्लंस?"

"गोळ्या... पेटी म्हणाली घ्या... घेतल्या."

"किती वेळा म्हणाली?"

"सारखी म्हणत होती गं."

साखरेच्या आजाराच्या गोळ्या त्या. बाईच्या रक्तातली साखर पार तळाला गेली होती. मी साखरेचं पाणी चमच्या चमच्याने तिच्या ओठांत सोडलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, रुग्णवाहिका आली. वाचली. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा मी तिला झापलं, "अगं, एवढ्या वेळा कशी घेतलीस? अक्कल नाही?"

तर म्हणते, "ती पेटी शिकलेली आहे. मी कुठे शिकलेय तिला नाही म्हणायला?"

माझ्या माशावर आयुष्यभर बोट फिरवून नाही म्हणणारी बाई ही!

घरी आले तर पेइ-झन दारात, चेहरा पांढरा फटक.

"आई, माझा शिक्का कुठे आहे?"

"डब्यात. आणखी कुठे?"

"केंद्राच्या बाईंचा फोन आला होता. म्हणतात, तपासणी पास केल्याचा माझा शिक्का आहे. भाऊजी त्यांना म्हणाले, तपासणारीने हयगय केली, तिला काढून टाकतो."

मी डबा उघडला. माझ्या हातचा प्रत्येक शिक्का पुसलेला असतो. पेइ-झनच्या शिक्क्याच्या तोंडावर लाल शाई थापलेली होती, आणि तळाच्या कागदावर तिचं नाव उमटलं होतं. माझ्या डब्यात. माझ्या नाकाखाली.

मी चपला घातल्या. तशाच माशाच्या वासाच्या कपड्यांनी आम्ही दोघी ऑफिसात गेलो.

बिंग-रुई काचेच्या खोलीत होता. बाहेर मोठं कॉम्प्युटरचं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या पाकिटांतला मक्याचा खाऊ रांगेत मांडलेला. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'गुणी बाळ', यंत्राने तसं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. मीही ठेवला असता. मी एक पाकीट उलटं केलं. अक्षरं मला कमी येतात, आकडे सगळे येतात.

"याची मुदत केव्हाच संपलीय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "शिळ्या खाऊवर देव तरी राखण करेल का तुझी? अरे, नवस बोललास, तोसुद्धा तपासला नाहीस!"

पोरांनी माना खाली घातल्या. एकाला खोकला आला, तो हसू दाबायचा असतो तसला.

"आई, आत ये. हळू बोल." त्याने दार लावून घेतलं. "ऐक. कंपनी बुडाली तर सगळेच बुडू. पेइ-झनने थोडे दिवस बाजूला व्हायचं. लोक विसरले की मी तिला परत घेईन. घरचीच तर आहे."

"घरची आहे म्हणून कापायला हिचा गळा सापडला होय तुला?"

पेइ-झन इतका वेळ खिडकीकडे बघत होती. आकाश पिवळं पडायला लागलं होतं. "भाऊजी, उद्या दुसरं वादळ येतंय. पहिल्यापेक्षा मोठं, असं सांगतायत. मला काढायचं ते परवा काढा. आधी सगळ्या घरांत फोन करा. वायर काढा, पेटी कपाटात टाका, गोळ्या हाताने घ्या, एवढंच सांगा."

"फोन केला म्हणजे पेटीत खोट आहे हे आपणच कबूल केलं!"

"आहेच खोट."

"वीज जाईलच असं नाही."

मग मात्र मला राहवलं नाही. मी टेबलावर असा हात आपटला की त्याचा चहा सांडला.

"भुतांना भिऊन घाई केलीस! जिवंत म्हाताऱ्यांना भ्याला नाहीस! आ-थोने तुला पाठीवर घेऊन बाजार फिरवलाय. तिच्यासारखंच आणखी कुणी टेबलावर डोकं टाकलेलं बघायला मी जायचं का उद्या? उचल फोन. पहिला केंद्राच्या बाईंना. काय सांगायचं ते येतं तुला, का तेही हिने लिहून द्यायचं?"

त्याने फोन उचलला. "बाई, शिक्का पेइ-झनने मारलेला नाही," तो म्हणाला. "मी मारला. तिने नकार दिला होता." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. मग बाहेर सगळ्या पोरांनी फोन घेतले आणि घरं वाटून घेतली. पेइ-झन एकेकाच्या मागे उभी राहून म्हणत होती, "नुसतं सांगू नका. वायर काढली का ते विचारा. काढेपर्यंत फोन ठेवू नका." शेवटच्या घरातली पेटी बंद झाली तेव्हा बाहेर वारा सुटला होता.

बिंग-रुई खुर्चीत पडला होता. "झालं ना तुझं समाधान? आता काय हवंय?"

"तुझा शिक्का."

"तो कंपनीचा आहे, आई. त्याच्याशिवाय माल हलत नाही इथला."

"म्हणूनच हवाय." मी हात पुढे केला आणि त्याने ठेवेपर्यंत मागे घेतला नाही. दगडी होता, चांगला जड. मग दार उघडून, पोरांसमोर, मी त्याला सांगितलं:

"बिंग-रुई, हा आता माझ्या डब्यात राहील, पेइ-झनच्या शेजारी. माल बाहेर जायचा असेल तेव्हा तिने तपासायचं, तिने मला हो म्हणायचं, मग मी डबा उघडेन. ती नाही म्हणाली तर नाही, भुतं येवोत नाहीतर देव येवोत. आ-थोची माफी मागायला तू आज दवाखान्यात जाणार आहेस, आणि मी बाहेर बसून ऐकणार आहे. आणि यापुढे माझ्या घरी पेज प्यायला जरूर ये. जाताना खिसे उलटे करून दाखवायचे, मगच चपला घालायच्या."