छोटीचा खर्च

"रिक्षा," दादा म्हणाला आणि त्या शब्दावर त्याने लाल रेघ ओढली. "का? बस मेल्या का सगळ्या?"

बस मेलेल्या नाहीत, असं छोटीने सांगितलं. वहिनीला हसू फुटलं, दादाच्या कपाळाला आठी पडली, आणि एकाच उत्तराने दोन माणसांची दोन तोंडं का व्हावीत, हे छोटीला नेहमीप्रमाणे कळलं नाही.

रविवारची सकाळ होती. खोली छोटीची, भाडं छोटीचं, खर्च लिहिलेला कागदही छोटीचाच. लाल पेन तेवढं दादाने येताना खिशातून आणलं होतं. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर दादा. वहिनी पलंगाच्या कडेवर. छोटी भिंतीला टेकून उभी, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. वय छत्तीस. घरात सगळ्यांत शेवटी जन्मली एवढाच गुन्हा, आणि त्याला जन्मठेप: छोटी.

कर्ज होतं हे खरं. मागच्या महिन्यात हप्ता चुकला हेही खरं. बँकेने कसलंसं शुल्क परस्पर कापून घेतलं, खात्यात थोडेसे पैसे कमी पडले आणि हप्ता परत गेला. वसुलीवाल्यांनी छोटीला फोन केले. छोटी अनोळखी नंबर उचलत नाही. मला फोन करू नका, लिहून कळवा, असं तिने कर्जाच्या कंपनीला आधीच लिहून कळवलं होतं. कंपनीने काही लिहिलं नाही. कंपनीने अर्जावरचा दुसरा नंबर शोधला आणि दादाला भर ऑफिसात गाठलं. चारचौघांत दादाची मान खाली गेली. ती वर काढायची तर दुसऱ्या कुणाची तरी दाबावी लागते.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, छोटे."

अंथरूण तिचं, पाय तिचे. मोजपट्टी ह्यांची.

मग दादाने कार्ड मागितलं. पिनही मागितला. दर रविवारी तो तिला खर्चायला पैसे देणार, हप्ता तो भरणार. महिनाभर बघू म्हणाला. पुन्हा काही घोळ झाला तर ही खोली सोडायची आणि त्यांच्या घरी राहायला यायचं, भाड्याचे पैसे कर्जात वळवायचे. भाचीच्या खोलीत एक पलंग मावतो, वहिनीने मधल्या पडद्यासाठी पडदेवाल्याकडून मापही घेऊन ठेवलं होतं.

दादाच्या घरी टीव्ही झोपेपर्यंत चालू असतो. स्वयंपाकघरात मिक्सर, दारावर घंटी, भाचीच्या हातात फोन आणि फोनमध्ये सतत कुणीतरी ओरडणारं. तिथे दोन तास झाले की छोटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते. ह्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर उघडते म्हणून भाडं कमी आहे. घरमालकाला त्या भिंतीची लाज वाटते. छोटीने खोली घेतली ती त्या भिंतीसाठी.

तिने कार्ड दिलं. हप्ता खरोखरच चुकला होता, त्यामुळे दादाच्या बोलण्यात तिला खोट सापडली नाही.

कापलं: रिक्षा

छोटी कवळ्या बनवते. गुलाबी मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याला नीट भेटतो का बघायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. पैसे नगावर. जेवढे सेट, तेवढा पगार.

कामावर जायला तिचा रिक्षावाला ठरलेला होता. तो बोलत नसे, रेडिओ लावत नसे. हात स्थिर असतानाच ती टेबलाशी पोहोचे आणि लगेच मेण तापवायला घेई.

बसमध्ये लोक अंगाला लागत. घंटी, ब्रेक, अत्तर, कुणाच्या तरी फोनवरची बातमी, सगळं एकदम कवटीत शिरे. लॅबमध्ये आल्यावर दुपारपर्यंत तिची बोटं थरथरत. पुढच्या चार दातांची रांग वाकडी बसली आणि एक सेट डॉक्टरकडून परत आला. मग आणखी एक. लॅबवाले काका चांगले होते, ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, रिक्षा का सोडलीस? तिने कारण सांगितलं. काका बराच वेळ ब्रशने टेबलावरची पूड झाडत राहिले. मग म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही गं. आपल्या धंद्यात तर मुळीच नाही."

महिनाअखेरीस छोटीने मांडून पाहिलं. रिक्षाचे जेवढे वाचले त्याच्या दुप्पट पगारातून गेले होते. ते आकडे तिने दादाला दाखवले. आकड्यांशी कुणी भांडत नाही, अशी तिची समजूत होती.

"सवय होईल," दादा म्हणाला. त्याने आकड्यांकडे पाहिलंही नाही.

छत्तीस वर्षं सगळे हेच सांगत आलेत. सवय होईल. जणू बस म्हणजे पाळलेलं कुत्रं, आज भुंकतं आणि उद्या हात चाटेल.

कापलं: पाव

छोटी रोज एकाच कंपनीचा पाव खाते, कारण तो रोज सारखा असतो. वहिनीने स्वस्तातला आणून दिला. तो तोंडात गेला की भुगा होई आणि घशाशी अडे. तीन दिवस छोटीने केळी खाल्ली. चौथ्या दिवशी केळीवाला आला नाही.

"नखरे," वहिनी म्हणाली. भाची पिझ्झ्यावरचा कांदा एकेक करून वेचून ताटलीच्या कडेला ठेवते, तेव्हा ह्याच घरात त्याला आवड म्हणतात.

कापलं: कानांवरची टोपणं

"गाणी ऐकायला एवढी महाग?" दादाने विचारलं होतं. छोटीने सांगितलं, ऐकायला नाही, न ऐकायला. लॅबमध्ये दात घासायचं यंत्र दिवसभर किंचाळत असतं. जुन्या टोपणांची गादी फाटली होती, आतला स्पंज बाहेर येऊन कानाला टोचत होता.

"न ऐकायला पैसे लागतात होय? कापूस घाल."

दादाचा स्वतःचा फोन हप्त्यावर आहे. गाडी हप्त्यावर, घर हप्त्यावर, घरातला तो न थांबणारा टीव्हीसुद्धा हप्त्यावर. त्याच्या कर्जाला गाडी म्हणतात, घर म्हणतात, प्रगती म्हणतात. त्याच्या कागदावर लाल पेन घेऊन बसायला कुणी येत नाही.

कापलं नाही, पण विचारलं

"दर महिन्याला इतके पॅड लागतात तुला?" वहिनीने विचारलं, दादासमोर.

इतके लागतात, छोटी म्हणाली. ती लाजली नाही. लाजायला हवं होतं ते दोघं तिच्यासमोर बसले होते.

कापलं नाही: हप्ता

कर्ज कशाचं, हे त्या महिन्यात कुणी एकदाही विचारलं नाही. जणू ते छोटीच्या अंगावर पुरळासारखं आपोआप उठलं होतं.

तिशीत एका डॉक्टरीणबाईंनी तिला नाव दिलं: ऑटिझम. आपल्या भाषेत स्वमग्नता. ह्या दुसऱ्या शब्दावर छोटीचा आक्षेप होता. मी दातांत मग्न असते, ती म्हणाली, स्वतःत कुठे? पण नाव मिळाल्याने तिला हायसं वाटलं. दादाला नाही. दादाने औषध विचारलं. औषध नसतं, असं बाईंनी सांगितल्यावर त्याने बाई बदलल्या, आणि शेवटी एका वर्गाचा पत्ता काढला. व्यक्तिमत्त्व विकास, सहा महिन्यांत कायापालट. बाहेर पाटीवर दात काढून हसणाऱ्या माणसांचे फोटो. दादा तिला स्वतःच्या गाडीने तिथे घेऊन गेला.

वर्गाच्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं, आत्मविश्वास हवा आहे ना? हो. लोकांनी आपल्याला समजून घ्यावं असं वाटतं ना? हो. मग इथे सही करा. प्रश्नांची उत्तरं खरी होती म्हणून छोटीने सही केली. ती कर्जाच्या कागदावर होती. व्याज किती, हे दादाने विचारलं नाही. तो बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता.

वर्गात डोळ्यांत बघायला शिकवलं. नाही जमलं तर भुवयांच्या मध्ये बघा म्हणाले. हात घट्ट दाबायला शिकवलं, विनोद झाला की मनात तीन मोजून हसायला शिकवलं. छोटी रोज घरी येऊन ओकायची. दोन महिन्यांत तिने वर्ग सोडला. कर्जाने तिला सोडलं नाही. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणासारखं दिसायचे पैसे भरते आहे, आणि दिसते स्वतःसारखीच.

परत मागितलं: कार्ड

दोनदा मागितलं. पहिल्यांदा दादा म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, व्यवहार शिकलीस की देईन. परत आलेल्या सेटचं वहिनीला कळलं आणि पडदेवाल्याला फोन गेला.

दुसऱ्या दिवशी छोटीने अर्धी रजा टाकली आणि बँकेत गेली. फाटकी टोपणं कानांवर, ओळखपत्र आणि भाड्याचा करार हातात.

काचेमागे एक चष्मेवाली बाई होती. छोटीने कार्ड बंद करून नवं मागितलं.

"हरवलं की चोरीला गेलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

हरवलेलं नव्हतं. कुठे आहे ते छोटीला पक्कं ठाऊक होतं: दादाच्या पाकिटात, गाडीच्या परवान्यामागे. चोरीला गेलं म्हणावं तर तिने स्वतःच्या हाताने दिलं होतं.

"ताई, दोन्हीपैकी एक सांगा. त्याशिवाय पुढे जाता येत नाही मला."

मागे रांग चुळबुळली. एक गृहस्थ म्हणाले, काहीही सांगा हो, हरवलं म्हणा, कोण बघायला येतंय. दुसरा म्हणाला, सोबत कुणाला तरी आणायचं ना अशांनी. 'अशांनी' हा शब्द टोपणांच्या फाटक्या गादीतून सरळ आत गेला. छोटीच्या बोटांनी करारपत्राची कडा दुमडायला घेतली, उलगडली, पुन्हा दुमडली. हरवलं, एवढा एक शब्द. सगळं जग दिवसभर असे शब्द थुंकीसारखे टाकत असतं. तिच्या जिभेवर तो येईना.

"इकडे बघून बोला," बाई म्हणाल्या.

छोटीने वर बघितलं. डोळ्यांत नाही, भुवयांतही नाही. तिची स्वतःची जागा तिने केव्हाच शोधून ठेवली होती: दात. बाईंच्या खालच्या ओळीतला एक दात बसवलेला होता आणि रंग जुळलेला नव्हता.

"हरवलं नाही आणि चोरीला गेलं नाही," ती त्या दाताकडे बघत म्हणाली. "दादाकडे आहे."

"तुम्ही दिलंत?"

"हो."

"परत मागितलंत?"

"दोनदा."

"मग?"

"शिकलीस की देईन म्हणाला."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"पगार कुणाचा येतो त्यात?"

"माझा."

"मग ह्यात शिकायचं काय राहिलंय?" बाईंनी विचारलं, पण तो प्रश्न छोटीला नव्हता, कारण त्या आधीच टाइप करायला लागल्या होत्या. रांगेतल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. थांबा जरा, बाई त्यांना म्हणाल्या, ताईंचं काम चाललंय. मग छोटीला सांगितलं, यादीत खाली 'इतर' म्हणून असतं, तिथे कारण लिहिता येतं. काय लिहू?

"कार्ड माझं आहे आणि माझ्याकडे नाही."

बाईंनी तेच्या तेच शब्द लिहिले. खात्यावरचा पत्ता अजून दादाच्या घरचा होता. तो बदलून खोलीचा घातला. नवं कार्ड येईपर्यंत स्लिप भरून पैसे काढा म्हणाल्या, पिन कुणाला सांगू नका म्हणाल्या.

"मागचा सांगितला होता," छोटी म्हणाली.

"माहितेय. हा नका सांगू."

फोन

शनिवारी दुपारी ती लॅबमध्ये डबा उघडत होती. डब्यात तिचा पाव होता. दादाचा फोन आला. दादाचा ती उचलते.

"छोटे, कार्ड चालत नाहीये तुझं. तुझेच आठवड्याचे पैसे काढायला आलोय."

"हो. मी बंद केलं."

पलीकडे एटीएमच्या यंत्राचा बारीक आवाज येत होता.

"बंद केलं म्हणजे? मला न विचारता? इतकं कर्ज करून ठेवलंस, मी निस्तरतोय, आणि वर तोंड करून सांगतेस बंद केलं?"

छोटीने पाव खाली ठेवला. "कर्ज त्या वर्गाचं आहे. वर्गात तू नेलंस. सही मी केली, म्हणून फेडतेय मी. ह्या महिन्याचा हप्ता काल भरला. खोली मी सोडणार नाही."

दादाच्या मागे कुणीतरी खाकरलं, कुणीतरी किती वेळ म्हणालं.

"मागे लोक उभे आहेत," दादा म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "सगळे बघतायत माझ्याकडे."

"कळतं मला," छोटी म्हणाली. "बाजूला हो. त्यांना पुढे जाऊ दे."

कुठल्याच कागदावर नाही

संध्याकाळी ती जुन्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बऱ्याच रिक्षा गेल्या. मग तिची आली. त्याच्याकडे आता नवा रेडिओ होता आणि तो मोठ्याने लागलेला होता. इतके दिवस कुठे होतात, असं त्याने विचारलं नाही. ती आत बसली. त्याने आरशात एकदा पाहिलं आणि हात लांब करून रेडिओ बंद केला.