परमप्रसाद आणि पाणी

बारीकताई चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून मालकांनी हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. घरी आल्यावर मात्र तिचं दुसरंच काम सुरू व्हायचं. चार वर्षांपासून ती इंटरनेटवर एक ब्लॉग लिहीत होती. जपमाळेची रहस्यं, जुन्या प्रार्थना, क्रूसाची वाट, संतांच्या गोष्टी असं काय काय. वाचणारे मोजकेच, पण जिवाभावाचे.

त्या वर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, तिने एका एकांतवासी बाईची दंतकथा लिहिली. ही बाई म्हणे चाळीस दिवस फक्त परमप्रसादाची भाकर, म्हणजे चर्चमधल्या मिस्सा-उपासनेत मिळणारी पातळ चकती, आणि पाणी यांवर राहिली. बारीकताईने अगदी मन लावून लिहिलं. एक वाक्य तर तिला स्वतःलाच इतकं आवडलं की तिने ते ठळक अक्षरांत टाकलं: ‘देह गप्प बसला की आत्म्याला कंठ फुटतो.’ शेवटी लिहिलं, की अशा वाटेवर आधी आपलीच माणसं आडवी येतात. त्यांच्या मायेपुढे टिकणं हीच खरी परीक्षा.

लेख हां हां म्हणता पसरला. चार दिवसांत चार हजार लोकांनी वाचला. “आता तुझी सही घ्यायला रांग लागणार,” नवरा म्हणाला. तीही हवेत होती.

त्याच गडबडीत ‘चिमणी’ या नावाने अधूनमधून लिहिणाऱ्या कोणीतरी लेखाखाली लिहिलं, “ताई, मीही सुरू केलंय. आज दुसरा दिवस.” बारीकताईने नेहमीसारखं उत्तर टाकलं, “प्रभू तुम्हाला बळ देवो!” आणि ती विसरूनही गेली.

पुढच्या आठवड्यात, दुकानात दुपारचा डबा उघडताना तिने मोबाइल पाहिला.

“ताई, आज आठवा दिवस. फक्त परमप्रसाद आणि पाणी. उलट्या होतात, पण मन पिसासारखं हलकं झालंय. इन्सुलिनची सुईही बंद केली. देह गप्प बसतोय.”

बारीकताईने डबा तसाच झाकला. लिहिताना साधं वाक्य तीनदा चुकलं. “तुम्ही कोण? कुठे राहता? आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. मी लिहिलं ते चुकलं.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “आधी आपलीच माणसं आडवी येतात, असं तुम्हीच लिहिलंत ना? तुम्ही माझी परीक्षा घेताय. कळलं मला, ताई.” त्यापुढे जोडलेल्या हातांचं चित्र. मग काही नाही. तिने पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा पलीकडे शुकशुकाट.

मालकांना “घरी अडचण आहे” एवढंच सांगून ती निघाली. नवरा शाळेची बस चालवायचा. दुपारच्या फेरीआधी तो घरी असे. तिने मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं आणि तो खुर्चीवर बसला.

“लेख पुसून टाक,” तो म्हणाला.

“काय?”

“पुसून टाक. उद्या त्या बाईचं बरंवाईट झालं तर लोक तुझ्या दारात येतील. पोलीस येतील. कोण कुठली बाई, तुझा काय संबंध?”

“मी तिला बळ देवो म्हटलंय, अरे! दुसऱ्या दिवशीच म्हटलंय. तेव्हा एक शब्द विचारला असता, तब्येत कशी आहे म्हणून, तर…”

“म्हणूनच सांगतोय, पुस.”

“आणि पुसला तर ती मला सापडणार कुठे? तेवढा एकच धागा आहे तिच्यापर्यंत जायला.”

तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, तिच्यासाठी. त्याने खुर्ची तिच्या शेजारी ओढली. “चल, शोधू. तू वरून वाच, मी खालून.”

चार वर्षांत चिमणीने अकरा वेळा लिहिलं होतं. एकदा, की ती वेदीच्या कापडावर भरतकाम करते. एकदा, की मुलगा परदेशी गेल्यापासून घरात तिच्याशिवाय फक्त भिंतीवरचं घड्याळ बोलतं. आणि क्रूसाच्या वाटेवरच्या, म्हणजे प्रभूच्या मरणयात्रेच्या चौदा चित्रांवरच्या, लेखाखाली लिहिलं होतं, “आमच्या चर्चमध्ये सहाव्या चित्राची काच तडकलीय. वेरोनिका प्रभूचा चेहरा पुसते ना, तडा नेमका तिच्या रुमालावरून जातो.” गावाचं नाव कुठेच नव्हतं.

तेवढं कागदावर उतरवून ती चर्चच्या कार्यालयात धावली. फादर सत्तरीचे, दम्याचे, बोलायला कमी. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“ही रोज परमप्रसाद घेते म्हणते. तो कुठून आणते?”

“मिस्साला जात असेल.”

“म्हणजे रोज कोणीतरी तो तिच्या हातावर ठेवतंय. तो माझ्यासारखाच कोणी फादर असणार. त्याला तिचं तोंड माहीत आहे.”

“फादर, ती माझ्यामुळे गेली तर?”

“ती तासाभरापूर्वी लिहीत होती ना? मग अजून आहे. रडायचं ते नंतर रड. आधी ही काच कुठली ते शोधू.”

त्यांनी धर्मगुरूंच्या ग्रुपवर मजकूर टाकला आणि ओळखीच्या चर्चना एकेक फोन सुरू केला. नाही. नाही. इथेही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. बारीकताई जपमाळ हातात धरून होती, पण ‘नमो मरिया’च्या पुढचा शब्दच आठवेना.

चाळीस मिनिटांनी फादरांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“तडकलेली काच आमच्याकडे आहे,” पलीकडचा तरुण आवाज म्हणाला. “भरतकामाच्या बाई. शाळेत शिवण शिकवायच्या. रोज पहिल्या मिस्साला येतात.” आवाज अडखळला. “आज आल्या नाहीत.”

“घर माहीत आहे?” फादरांनी विचारलं.

“मागच्याच गल्लीत.”

“मग पळ. फोन ठेवू नकोस.”

ते पळणं त्या दोघांनी ऐकलं. चपलांचा आवाज, धाप, फाटक. मग जिना. दार ठोठावल्याचा आवाज. “बाई! मी फादर! दार उघडा!” पुन्हा ठोठावणं. कोणीतरी शेजारीण म्हणाली, “काल संध्याकाळपासून दिसल्या नाहीत. थांबा, किल्ली आहे माझ्याकडे.” कुलूप फिरायला जणू वर्ष लागलं.

“वास येतोय,” तरुण फादर हळू म्हणाला. “फळं सडल्यासारखा.”

मग नुसता पावलांचा आवाज.

“स्वयंपाकघरात आहेत. जमिनीवर. मोबाइल हातात आहे.”

“श्वास?” बारीकताई ओरडली. “श्वास चालू आहे का?”

पलीकडे फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग किती वेळ गेला, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

“चालू आहे. भरभर चालला आहे. हाक मारली तर डोळे उघडत नाहीत.”

“मधुमेह आहे म्हणून सांगा! सुई बंद केलीय, आठ दिवस खाल्लं नाही!”

“फोन ठेवतो, ॲम्ब्युलन्स बोलवायची आहे.”

फोन बंद झाला. पाऊण तास गेला. निरोप आला तो एवढाच: दवाखान्यात पोचल्या, डॉक्टर काही सांगत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं तिसऱ्या दिवशी. वाचल्या. तो सडक्या फळांचा वास त्यांच्या श्वासाचाच होता, सुई बंद केल्यामुळे. आणखी अर्धा दिवस गेला असता तर हाताला लागल्या नसत्या. पाचव्या दिवशी नवऱ्याने सुट्टी काढली आणि दोघं तीन तासांचा प्रवास करून तिथे गेली. खाटेवर एक बाई होती, पासष्टीची, मनगटं काडीसारखी, हाताला सलाईन.

“बाई, मी… लेख लिहिणारी.”

बाईंनी तिला खालून वर पाहिलं. “तुम्ही? एवढीशी पोरगी? मला वाटलं, मठातल्या कोणी वयस्कर सिस्टर असाल. इतकं अधिकारानं लिहिता!”

“मी चष्म्याच्या दुकानात काम करते.”

“आणि तो उपवास? तुम्ही केला होता?”

बारीकताईची मान खाली गेली. “एक दिवसही नाही. लेख लिहिला त्या दिवशीसुद्धा पोटभर जेवले होते.”

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मला वाटायचं, कोणीतरी मला रोज बघतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुम्हाला दिवस मोजून सांगत होते.”

नवरा बाहेर पडला. बारीकताई खाटेच्या कडेला बसली आणि बाईंचा सलाईन नसलेला हात तिने हातात घेतला.

घरी आल्यावर तिने लेख पुसला नाही. त्याच्या डोक्यावर सगळं खरं लिहिलं: मी वैद्य नाही, सिस्टर नाही, मी हा उपवास केलेला नाही, हा वाचून एक बाई मरता मरता वाचली, आजारी माणसाकडे चर्च उपवास मागत नाही. मग पूर्वी न वाचलेल्या सगळ्या प्रतिक्रिया ती एकेक करून वाचू लागली. चाळीस दिवस धरल्याचं आणखी सहा जणांनी लिहिलं होतं. तिने प्रत्येकाला विचारलं, औषधं चालू आहेत का, घरी कोण आहे, फोन नंबर काय. संध्याकाळपर्यंत पाच जणांची उत्तरं आली. दोघांनी जेवायला सुरुवातही केली होती.

सहाव्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीही आलं नव्हतं. त्याने शेवटचं लिहिलं होतं दहा दिवसांपूर्वी, दोनच शब्द: “शांत वाटतंय.”

तिने मालकांना फोन करून सुट्टी मागितली, आणि मग फादरांना लावला.