नंबरप्लेटच्या मागे अकरा महिने

मी नंबरप्लेटच्या मागून बोलतोय. आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या. गप्प बसायची सवय लावली गेली आहे मला.

मी एक हूक आहे. घरच्या गाडीला मागे छोटा ट्रेलर जोडायचा असतो ना, त्यासाठीचा. एक जाड चौकोनी नळी, तिच्या दोन्ही टोकांना पोलादी पट्ट्या, आठ बोल्ट, आणि नळीत खुपसून खिळीने अडकवायची एक वाकडी मान. त्या मानेच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा. एवढाच माझा पसारा. कारखान्यात जन्मलो असतो तर गाडीच्या मागे दिमाखात उभा राहिलो असतो. पण मी जन्मलो एका घराच्या गॅरेजमध्ये, आणि तेही एका चष्मेवाल्याच्या पोटी.

माझा कर्ता चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. पाव मिलिमीटर इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नाही. अशा माणसाच्या हाती लोखंड पडू नये. काच ऐकून घेते, लोखंड ऐकत नाही. मला भोकं पाडण्याआधी त्याने माझ्या अंगावर इतक्या रेघा ओढल्या आणि पुसल्या, की मी हूक होणार की वही, हेच मला कळेना.

पण त्याचा हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे, म्हणून.

त्याची आई दोन वर्षांपासून बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीवर आहे. खुर्ची दणकट. आईच्या पाठीला तीच मानवते. घडीच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसवलं की तिची पाठ धरते. आणि बॅटरीची खुर्ची तिघांना उचलत नाही, डिकीत मावत नाही. भाड्याची मोठी गाडी एकदा बोलावून पाहिली. तिच्या उंच पायरीवरून आईला चढवताना जे हाल झाले, त्यानंतर आईने हात जोडले. तेव्हापासून आईचं जग म्हणजे घर, अंगण आणि फाटक.

दोन तासांच्या अंतरावर आईची धाकटी बहीण राहते. घरात सगळे तिला मावशीच म्हणतात. रोज संध्याकाळी दोघींचा फोन होतो. मावशीची नजर चालली आहे. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, फक्त कडेचं दिसतं, आणि ती कडही दिवसेंदिवस बारीक होते आहे. याला कुठलीही काच चालणार नाही, हे मावशीचे रिपोर्ट बघून माझ्या कर्त्यानेच सांगितलं होतं. म्हणजे दिवस कसे संपत चाललेत, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीचं आईकडे एकच मागणं होतं, "मी तुला ओळखतेय तोवर एकदा येऊन जा ग."

तर आईला पुढच्या सीटवर बसवायचं, खुर्ची ट्रेलरवर चढवायची आणि मावशीकडे जायचं, असं ठरलं. ट्रेलर चुलतभावाकडे पडूनच होता. फक्त मी हवा होतो. सरळ काम. आठ दिवसांचं.

लागले अकरा महिने.

कारण असं. गाडी माझ्या कर्त्याच्या वडिलांची. ते गेले, पण गाडीवर ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी छतावर कॅरिअर बसवायला एक माणूस आला होता, तेव्हा आई खिडकीतून म्हणाली होती, "ह्यांच्या गाडीला भोक पाडायचं नाही." झालं. तो शब्द लेकाने काळजावर कोरून घेतला. आईला विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारायचंच नाही. हूक करायचा, पण आईच्या नजरेला पडता कामा नये. मावशीकडे जायच्या दिवशी एकदम समोर ठेवायचा, म्हणजे ती नाही म्हणणार नाही. असा सगळा बेत.

पहिल्यांदा त्याने मला बंपरच्या आतल्या पत्र्याला टांगलं. कोपऱ्यावरच्या वेल्डरने वाकून पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला. त्या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. ठिणगी म्हणाला, "साहेब, बंपर म्हणजे गाडीचा पदर. पदराला धरून कुणाला ओढतात का?" मग त्याने मला गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंच्या जाड दांड्यांना धरून बसवलं. सांधे जोडले. ट्रेलरवर वाळूची पोती घालून गल्लीतून ओढून दाखवलं. तपासणी कार्यालयातल्या माणसानेही खाली वाकून पाहिलं आणि कागदावर शिक्का मारला. एका आठवड्यात मी तयार.

आता बघा. सरकारला माहीत, ठिणगीला माहीत, समोरच्या घरातल्या काकांना माहीत. लपवायचं कुणापासून, तर जिच्यासाठी केलं तिच्यापासून.

नंबरप्लेटला त्याने बिजागऱ्या लावल्या. प्लेट खाली पाडली की माझं तोंड दिसतं, वर केली की बंद. मानेसकट गोळा काढून एका मोज्यात घालून चपलांच्या कपाटात ठेवला. मला काळा रंग दिला. काळा चमकतो म्हणून राखाडी दिला. राखाडी उठून दिसतो म्हणून पुन्हा काळा, बिनचमकीचा. एवढ्यानेही भागेना, तेव्हा हा टापटिपीचा माणूस वाटीत चिखल कालवून बारीक ब्रशने माझ्या अंगाला फासू लागला. रविवारी गाडी धुवायची, आणि सोमवारी पुन्हा चिखल. हूक पुरता दिसेनासा झाला की मावशीकडे जायचा दिवस ठरवू, हे त्याचं रोजचं पालुपद. मला कधी कधी वाटायचं, याला हूक हवाच होता का, की नुसतं काहीतरी लपवायला हवं होतं?

दर वेळी तो बायकोला बाहेर बोलवायचा. फाटकाजवळ उभं राहून बघ. दहा पावलांवरून बघ. वरच्या खिडकीतून बघ. ती बिचारी हातातलं काम टाकून यायची आणि म्हणायची, "नाही हो दिसत." सूनबाई मोठी श्रद्धाळू. सासूबाईंची आणि मावशींची भेट होईपर्यंत चहात साखर घालायची नाही, असं तिने देवापुढे बोलून ठेवलं होतं. तिला वाटलं होतं, आठ दिवसांचा प्रश्न आहे. पण अकरा महिन्यांत तिच्या तोंडून एक कडू शब्द निघाला नाही. चहा मात्र रोज कडू. माझ्या जागी ती असती तर माझ्याइतकी चिडली नसती, हे मी मान्य करतो.

मी चिडायचो. गाडी बाजारात जायची, दुकानात जायची, परत यायची, आणि मी रिकामा. मला ओढायला केलं होतं. ज्याला ओढायला केलं त्याला नुसतं गंजायला ठेवलं, तर त्याने करायचं काय? आत संध्याकाळचा फोन चालायचा. गॅरेजची भिंत पातळ, त्यामुळे आईचं बोलणं ऐकू यायचं. आधी मावशीला पेपरातले मथळे दिसत नव्हते. मग भिंतीवरच्या घड्याळाचे काटे. आई म्हणायची, "येईन ग, येईन. जमलं की लगेच येते." आणि माझा कर्ता बाहेर माझ्या नळीला रंगाचा तिसरा हात देत असायचा. तेव्हा मला हलता येत असतं ना, तर मी नंबरप्लेट धाडकन पाडून त्याच्या नडगीवर घातली असती.

मग एका संध्याकाळी मावशीने फोनवर सांगितलं की दुपारी दारात स्वतःची लेक उभी होती, आणि तिला तिने शेजारीण समजून आत बोलावलं. त्या दिवशी आई फोन ठेवून सरळ आपल्या खोलीत गेली. जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कर्ता वाटी-ब्रश घेऊन माझ्यामागे उकिडवा बसला होता. सूनबाई खिडकीत, कडू चहा हातात. आईची खुर्ची घूं घूं करत उतारावरून अंगणात आली आणि गाडीच्या मागे सहा पावलांवर थांबली.

"उजवीकडचा खालचा बोल्ट बाकीच्यांपेक्षा लांब आहे," आई म्हणाली. "त्याच्या टोकाला रंग लागलाच नाहीये."

लेकाने ब्रश वाटीत ठेवला. त्याने विचारलं, "आई, तुला दिसतं?"

"तू उभ्याने बघतोस रे. तुझी बायकोही उभ्याने बघते. मी दोन वर्षं बसून बघतेय. या खुर्चीवरून गाडीच्या पोटातलं सगळं दिसतं. पहिल्या दिवसापासून."

त्याने सगळीकडून पाहिलं होतं. फाटकातून, खिडकीतून, रस्त्याच्या पलीकडून. जगाला नीट दिसावं म्हणून काचा घासणाऱ्या या माणसाच्या मनात एकदाही आलं नव्हतं की एक स्टूल घ्यावं आणि आईच्या उंचीला बसून पाहावं.

मग बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं. आईचं म्हणणं असं, की पोरगा एवढा जीव तोडून लपवतोय, तर पुरं झालं की आपणच सांगेल. आपण मध्ये बोललो तर त्याचा विरस होईल. सून खिडकीतून हळूच म्हणाली की निदान मला तरी सांगायचं. त्यावर आई म्हणाली, "तुला काय सांगणार? तू तर रोज 'दिसत नाही, दिसत नाही' म्हणत त्याला पाठिंबा देत होतीस."

आणि गाडीला भोक? आई म्हणाली, "छताला नको म्हटलं होतं मी. पाणी गळतं म्हणून. खाली हवी तेवढी पाड."

ऐकलंत? एक दाखवत नव्हता, दुसरी बोलत नव्हती. दोघंही एकमेकांच्या मायेपोटी. या मायेच्या माणसांपुढे डोकं आपटावं असं वाटलं मला, पण माझं डोकं चपलांच्या कपाटात, मोज्यात.

तासाभरात निघालो. चुलतभावाकडून ट्रेलर आला, कपाटातून गोळा आला, खिळी बसली, ट्रेलरचं तोंड माझ्यावर खटकन बसलं. फळीवरून खुर्ची ट्रेलरवर चढली, पट्ट्यांनी आवळली गेली. तो पहिला हिसका मी विसरणार नाही. सगळा भार माझ्यावर आला आणि आठही बोल्ट एकदम जागे झाले. दोन तास एकही सांधा कुरकुरला नाही. लांब बोल्टसुद्धा.

मावशी फाटकाशी उभी होती. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आलेली. खुर्ची उतरवली, आई तिच्यावर बसली आणि सरळ बहिणीसमोर जाऊन थांबली. मावशी तिच्याकडे बघत होती, पण कुणीच समोर नसावं तशी बघत होती. माझ्या कर्त्याने मान खाली घातली. त्याला कळत होतं, ती कड किती बारीक झाली आहे ते.

मग मावशी म्हणाली, "डावीकडून ये ग. तिकडे अजून थोडं आहे."

आईने खुर्चीचा दांडा वळवला. कुणी ढकलायला नको, कुणी धरायला नको. ती स्वतः बहिणीच्या डाव्या अंगाला गेली, थोडी पुढे, थोडी मागे, जागा शोधत. मावशीने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"केस पांढरे झाले की ग तुझे," ती म्हणाली.

"तुझे कुठे काळे राहिलेत?" आई म्हणाली, आणि दोघी रडल्या.

तिथल्या चहात सूनबाईने तीन चमचे साखर घातली.

आता माझा रंग उडालाय, चिखल कुणी लावत नाही. दर दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. मावशीची कड आणखी बारीक झाली आहे. ती कडही जाईल कधीतरी, हे सगळ्यांना माहीत आहे. मधल्या त्या अकरा महिन्यांत ती केवढी रुंद होती, हा विचार माझा कर्ता करतो. तो मागे येऊन मला पुसतो तेव्हा मला ते कळतं. त्याच्यावरचा माझा राग आता बराच उतरला आहे. थोडा ठेवलाय, तुमच्यासाठी.

घरातल्या कुणासाठी काही करत असाल, तर त्यांना विचारा. आधी विचारा. नाही म्हणाले तर म्हणोत, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि तुमच्यासाठी कुणी काही करताना दिसलं, तर दिसतंय म्हणून सांगा. आमच्यासारख्या लोखंडाला धीर धरता येतो. माणसांचं तसं नसतं.

बाहेर खुर्चीची घूं घूं ऐकू येतेय. ट्रेलर माझ्याकडे सरकतोय. येतो मी. मावशीची डावी कड आज तरी शाबूत आहे.