एप्रिल ते ऑक्टोबरची गाडी

आमच्या घरात बायको बारा महिने असते आणि गाडी सात. तरी लाड कुणाचे होतात, ते विचारू नका.

आमच्या श्टुटगार्टकडची माणसं जात्याच काटकसरी. त्यात माझा नवरा एवाल्ड म्हणजे कळस. वाढदिवसाच्या भेटीवरचा कागद इस्त्री करून पुढच्या वाढदिवसाला वापरणारा माणूस. अशा माणसानं गाडी कुठली घ्यावी? काळी, चार दारांची, आठ सिलिंडरची. कुठल्याशा बड्या कंपनीच्या संचालकानं हौसेनं घेतलेली, भरधाव पळणारी आणि पुढं वीस वर्षं वापरून जुनी झालेली. "रोझी, फुकटात मिळाली गं," म्हणाला. फुकटातच मिळाली, खोटं कशाला बोलू. गाडीची किंमत उतरली होती, पण तिच्या सुट्या भागांना हे कुणी कळवलं नव्हतं. ते अजून संचालकाच्याच भावात मिळत होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पहिल्या वर्षी तेल गळायला लागलं. थेंब तापलेल्या पाइपावर पडायचे आणि गाडीत बसलं की करपलेल्या कढईचा वास यायचा. दुसऱ्या वर्षी पुढच्या चाकांचे रबरी बुश गेले, मग गिअर टाकला की धक्का बसायला लागला. दर वेळी एवाल्ड म्हणायचा, "आता एवढंच. आता दहा वर्षं बघायला नको." आणि दर वेळी माझी गार्डा सरोवराची सहल पुढच्या वर्षावर जायची.

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं उन्हाळ्यात डोंगर ओलांडून इटलीत गार्ड्याला जाऊन येतात आणि मग महिनाभर मला फोटो दाखवतात. मी लहानपणी एकदाच गेले होते, आईबाबांबरोबर. पाण्याकडे तोंड करून एक खोली आणि सकाळी हातात कॉफी, याहून जास्त काही मागितलं नव्हतं मी. "परवडत नाही गं," एवाल्ड म्हणायचा. दातांच्या दवाखान्यातल्या माझ्या नोकरीतून मी निवृत्त झाले, तरी परवडलं नाही.

या वसंतात इंजिन सुरू करताना मागून खडखड यायला लागली. आमचे गॅरेजवाले हेफले कान देऊन ऐकत राहिले, मग त्यांनी टोपी काढली. तेव्हाच मी ओळखलं. इंजिनातल्या टायमिंग चेनला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा भुगा झाला होता. ही चेन इतर गाड्यांत पुढं असते, हात घातला की लागते. या महाराणीची मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे. म्हणजे चेन बदलायची तर अख्खं इंजिन बाहेर काढायचं. खर्च नऊ हजार युरो, गाडी घेतली त्याहून जास्त. एवाल्डचा चेहरा पांढराफटक पडला. दोन मिनिटांनी म्हणतो कसा, इंजिन बाहेर निघतंच आहे तर बेअरिंगही नवी टाकून घेऊ.

हेफले म्हणाले, मग इंजिनाखालचा पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइपही बदला, चाळीस युरोंचा आहे, नंतर तिथं हात पोचत नाही. आणि इथं आमच्या साहेबांची काटकसर जागी झाली.

"तो अजून चांगला आहे," एवाल्ड म्हणाला. नऊ हजारांत चाळीस वाचवले आणि घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

इंजिन उन्हाळाभर हेफल्यांच्या टेबलावर पडून होतं. गाडी हातात आली तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला. आता त्या नंबर प्लेटची गंमत ऐका. विमा वाचावा म्हणून एवाल्डनं हंगामी प्लेट घेतलेली. कडेला वर चार, खाली दहा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. नोव्हेंबर उजाडला की ती गाडी रस्त्यावर पळवायची तर नाहीच, नुसती उभीही करायची नाही. सात महिन्यांचे पैसे भरलेले आणि गाडी एक दिवस फिरली नाही, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. भरलेले दिवस वाया कसे घालवायचे? म्हणून, केवळ म्हणून, त्यानं शेवटच्या दिवसाची, एकतीस तारखेची रजा टाकली आणि मला म्हणाला, "चल, पहाटे गार्ड्याला जाऊ, रात्री बाराच्या आत परत."

मी बॅग भरायला एवढी पळाले की चष्मा घरीच राहिला.

खरं सांगते, घाट ओलांडेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मलाही जरा तिचं कौतुक वाटलं. पाणी दिसलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वळणावर गाडीच्याही तोंडातून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा लालवर. गाडीखाली इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी धो धो वाहत होतं. चाळीस युरोंचा पाइप.

गावातल्या गॅरेजचे बेल्त्रामे वाकून बघून आले आणि हसले. भाग मागवावा लागेल. आज शुक्रवार, एकतीस तारीख. उद्या सगळ्या संतांचा सण, परवा रविवार. मंगळवारी या.

एवाल्ड फुटपाथवरच बसला. मंगळवारी पाइप बसेल हो, पण प्लेट आज रात्रीच संपतेय. वर्षभराची प्लेट घेता आली असती, पण तिचा विमा जास्त. मोटार क्लबनं गाडी उचलून घरी नेली असती, पण सभासदत्व स्वस्तातलं, देशाबाहेर चालत नाही. जिथं जिथं त्यानं पैसे वाचवले होते, तिथं तिथं दार बंद.

राहिला एकच मार्ग. गाडी कुणाच्या तरी बंद अंगणात एप्रिलपर्यंत ठेवायची. बेल्त्राम्यांची विधवा मावशी, सिन्योरा ओर्नेल्ला, तिचं सरोवराकाठी भिंतीआडचं अंगण होतं. तिनं पाच महिन्यांचं भाडं सांगितलं. माझा नवरा, जो बाजारात बटाट्याला घासाघीस करतो, त्यानं हूं की चूं केलं नाही. लगेच पैसे काढले. त्या पैशांत माझं चार वेळा गार्डा झालं असतं. मला भयंकर राग आला.

मग रडवेला होऊन म्हणतो, तिला इथं एकटीला कसं ठेवायचं? परकी माणसं. बॅटरी चार्जिंगला लावायला हवी, उंदीर वायरी कुरतडतील. मला तर सोमवारी कामावर जायचंय.

ओर्नेल्लानं वर बोट केलं. अंगणाबरोबर वरची खोली आहे, म्हणाली. हिवाळ्यात रिकामीच असते, वेगळे पैसे नकोत. मी मान वर केली. खिडकी पाण्याकडे होती.

"मी राहते," मी म्हणाले. "गाडीसाठी."

एवाल्डनं माझे दोन्ही हात धरले. इतकी समजूतदार बायको मिळाली, म्हणाला, आणि आगगाडीनं घरी गेला. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी त्या आठवड्यात आमचीच होती.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन. बॅटरी कशी आहे? चादर घातलीस ना? टायरांत हवा? मी खिडकीत कॉफी घेऊन बसलेली असते. ठीक आहे, सांगते. खोटं नाही, रोज खाली जाऊन बघते. तिच्यावर रागही उरलेला नाही. एवढ्या वर्षांत तिनंच मला इथं आणलं, त्यानं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र त्यानं बॅटरीचं काढलंच नाही. आधी इथल्या हवेचं विचारलं. मग म्हणाला की जिना पुन्हा त्यालाच झाडावा लागला, रात्रीचं जेवण एकट्याला गोड लागत नाही. मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"रोझी," तो म्हणाला, "तू घरी कधी येतेस?"

"प्लेटवर लिहिलंय," मी म्हणाले.