चिचुंद्रीचं लांब वाक्य

चित्रपटाचे एकूण सहा डबे सापडले. पाचांत चित्र होतं आणि आवाजही. सहाव्यातलं चित्र धडधाकट होतं, पण आवाजाची फीत बुरशीनं खाल्लेली. डबा उघडला तेव्हा तिचा नुसता चुरा हाती आला. या सहाव्या भागात चिचुंद्री एकोणतीस वेळा तोंड उघडते. त्यातली अठ्ठावीस वाक्यं दोन-तीन शब्दांची आहेत. एकोणतिसावं नऊ सेकंदांचं आहे, आणि त्यात ती कुठंही श्वास घेत नाही.

चिचुंद्री म्हणजे माझी आत्या. आमच्या घरात हे असं सरळ म्हटलेलं चालतं. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला रागावला की ‘ताई’ म्हणतो आणि लाडात आला की ‘चिचुंद्रे’. वीसेक वर्षं आत्यानं एका स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशनपटांना आवाज दिले: दोन बदकं, एक उकळती किटली, एक अमावास्येला रुसणारा चंद्र, आणि एका चित्रपटात पोत्यातले सगळे बटाटे. तिचा चेहरा कुणी ओळखत नसे. रांगेत मागच्या बाईला ‘जरा सरका’ म्हटलं की मात्र पुढची चार मुलं वळून बघायची. पुढं तो स्टुडिओ बंद पडला, आत्या शाळेत शिकवायला लागली, तिथूनही निवृत्त झाली. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे.

चिचुंद्री ही तिची सगळ्यात मोठी भूमिका. दीपगृह सांभाळणारी चिचुंद्री. शेवटच्या भागात वादळात दिवा फुटतो आणि होड्या खडकांवर येऊ नयेत म्हणून ती वरून ओरडत राहते. ते लांब वाक्य इथलंच, त्यात दोन खडकांची नावं येतात. आत्याला ते अजून तोंडपाठ होतं:

“डावीकडे म्हातारीचा दात, उजवीकडे रेड्याचं शिंग, मधून या, मधून, सरळ माझ्या आवाजावर या, दिवा नसला म्हणून काय झालं, मी आहे ना!”

जुने चित्रपट दुरुस्त करणाऱ्या संस्थेनं तिला आवाजाच्या चाचणीला बोलावलं, तेव्हा तिला सोडायला मी गेले होते. मी भौतिकशास्त्र शिकले आहे आणि एका कारखान्यात पंख्यांचा आवाज मोजते, त्यामुळे रेकॉर्डिंगची खोली बघायची मला उत्सुकता होती. भिंतींना राखाडी स्पंज, मध्ये एक माइक, एक खुर्ची, पडद्यावर चित्र. काचेपलीकडे केसांचा अंबाडा बांधलेला तरुण रेकॉर्डिस्ट आणि संस्थेच्या संचालकबाई. रेकॉर्डिस्टनं ‘या आजी’ म्हटल्यावर आत्या म्हणाली की ती त्याची आजी नाही. असती तर त्याचे केस एव्हाना कापून झाले असते. तो मोकळेपणानं हसला.

मग आत्या बोलली, आणि खोलीतलं हसू मावळलं. तिचा आवाज जड, सावकाश येत होता. प्रत्येक शब्द ओढल्यासारखा. ‘म्हातारीचा दात’ म्हणायला तिला एवढा वेळ लागला की पडद्यावरची चिचुंद्री तोवर रेड्याच्या शिंगापर्यंत पोचली होती. संचालकबाईंनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं, त्यानं टेबलाकडे. दोघंही फार गोड बोलले, आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. इतकं गोड बोलणं कशाचं लक्षण आहे ते मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की प्रकृतीचा विचार करता आत्याला त्रास द्यायचा नाही असं ठरलं आहे; एक तरुण अभिनेत्री ते काम करील. गुरुवारी ती येणार होती.

आत्यानं तो निरोप दोनदा वाचला, मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. बाबानं समजूत घालायचा प्रयत्न केला, की एवढं काय, वय सगळ्यांचंच होतं. आत्या म्हणाली, वयाचं तिला सांगू नये, तिचं काय चुकलं ते सांगावं. ती पूर्वी बोलायची तसंच बोलली होती. अगदी तसंच.

हे ‘अगदी तसंच’ माझ्या डोक्यात अडकलं. मी रेकॉर्डिस्टकडून चाचणीची प्रत मागून घेतली आणि पाचव्या भागातल्या आवाजाशेजारी लावली. पाचव्या भागातली चिचुंद्री सुरात कितीतरी वर होती आणि भराभर बोलत होती. मी आत्याला विचारलं, इतकं सावकाश का बोललीस?

“मग कसं बोलायचं?” ती म्हणाली. “माइकसमोर असंच बोलतात चिचुंद्रीचं. पुढचं यंत्र करतं.”

तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या काळी तिचा रेकॉर्डिस्ट टेपचं यंत्र हळू चालवून आवाज घ्यायचा आणि नेहमीच्या वेगानं वाजवायचा. त्यानं आवाज वर चढतो, बारीक होतो आणि बोलणं वेगानं येतं. आत्याला सावकाश, शब्द ताणून बोलायचं एवढंच शिकवलेलं होतं. काचेपलीकडे काय चालतं ते तिनं कधी विचारलं नाही, आणि यंत्रं बदलली तरी ही रीत बदलली असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिकडे त्या दोघांना ही रीत ठाऊकच नव्हती. त्यांनी समोर बसलेलं म्हातारपण ऐकलं.

मी तिची प्रत जुन्या प्रमाणात वेग वाढवून वाजवली: बारा सेकंदांचं नऊ. वेग बरोबर जुळला. आवाज मात्र थोडा जाडच राहिला.

“सर्दी झालीय चिचुंद्रीला,” बाबा म्हणाला.

आत्या हसली नाही. तिनं मला विचारलं की सर्दी कशी घालवायची. मी हिशोब केला. तिचा मूळ आवाजच वयानं खाली आला होता, त्यामुळे यंत्र पूर्वीपेक्षा आणखी हळू चालवावं लागणार होतं आणि तिला आणखी सावकाश बोलावं लागणार होतं. लांब वाक्य आता बारा नाही, चौदा सेकंदांहून थोडं जास्त भरणार होतं. एका श्वासात.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही आवाज घेऊन संस्थेत गेले. रेकॉर्डिस्टनं ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि स्वतःवरच चिडला. संचालकबाई सावध होत्या. त्यांचं म्हणणं असं, की छोटी वाक्यं ठीक आहेत, पण लांब वाक्य तिच्याच्यानं झालं नाही तर एका भागात दोन चिचुंद्र्या होतील, त्यापेक्षा पहिल्यापासून दुसरीच बरी. बुधवारी सकाळी खोली रिकामी आहे. आत्यानं येऊन आधी लांब वाक्य करावं. जमलं तर सगळा भाग तिचा, नाही तर गुरुवार आहेच.

बुधवारपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आत्या खिडकीशी ताठ बसायची, मी घड्याळ धरायची, आणि ती ‘दिवा नसला’पाशी संपायची. दर वेळी तिथंच. तिनं तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बघितलं की हवा कुठं वाया जाते. ‘म्हातारीचा’ला पट्टी फडफडायची, ‘झालं’ला पुन्हा. मग तिनं म्हातारीतली हवा कापायला घेतली. दिवसभर घरात दबक्या आवाजात म्हातारीचे दात पडत होते. बाबानं सुचवलं की वाक्य दोन तुकड्यांत करून जोडावं, कुणाला कळणार आहे. मी तसं जोडून बघितलं होतं. जोडाच्या पुढे आवाज एकदम ताजा होतो, नुकतीच झोपून उठल्यासारखा. शिवाय आत्याचा मुद्दा निराळाच होता.

“चित्रात श्वास नाही,” ती म्हणाली. “मी घेतला असता तर त्यांनी काढला असता.”

ते खरंच होतं. अ‍ॅनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र मागून येतं. आत्या बोलायची तेव्हा काचेपलीकडे चित्रकार बसून तिच्या तोंडाची रेखाटनं करायचे. पडद्यावरचं ते तोंड केसाळ आणि टोकदार असलं तरी उघडत-मिटत होतं आत्याचंच, पंचविशीतलं.

बुधवारी तिनं सकाळपासून कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं, आणि रिक्षात बसताना ‘पाय सांभाळ’ म्हणून बाबानं तिला उत्तर द्यायला लावून ते मोडलं. रेकॉर्डिस्टनं तिला खुर्ची दिली. तिनं ती बाजूला सरकवली. त्यानं चित्रही आवाजाइतकंच हळू चालेल अशी सोय केली होती. पहिल्या खेपेला ती ‘काय झालं’पर्यंत पोचली आणि थांबली. दुसऱ्या खेपेला वाक्य संपलं, पण शेवटी ‘ना’ नुसताच ओठांवर दिसला, ऐकू आला नाही. शिवाय एवढ्या वेगानं वाजवल्यावर आवाज बाहुलीसारखा चिमुकला लागत होता. आत्यानं तो ऐकला, जबडा खाली सोडला, ओठ पुढे काढले आणि एक शब्द म्हणून दाखवला. चिचुंद्री पुन्हा तिच्या मापाची झाली. पण अशा तोंडानं हवा आणखी लागते. तिसऱ्या खेपेला ती ‘दिवा नसला’पाशी परत आली.

संचालकबाईंनी हळूच घड्याळ पाहिलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला की आजींना थोडी विश्रांती देऊ या. आत्यानं मान हलवली. तिला आवाज नको होता, नुसतं चित्र बघायचं होतं. एकेक चित्र पुढे सरकवत.

तो सरकवत गेला. म्हातारीचा दात: तोंड मोठं. रेड्याचं शिंग: आणखी मोठं. ‘मधून या’ला भरपूर उघडं. आणि पुढच्या ‘मधून’ला ओठ जेमतेम विलग झालेले, नखाएवढी फट. आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिनं त्याला ती चित्रं पुन्हा मागे-पुढे करायला लावली.

“अगं, मी तेव्हाही श्वास चोरतच होते की,” ती म्हणाली.

दुसरं ‘मधून’ तिनं तेव्हा जवळपास कुजबुजून काढलं होतं. पंचविशीच्या छातीलाही ते वाक्य पुरं पडत नव्हतं. पाहणाऱ्याला वाटावं की वाऱ्यानं शब्द उडवून नेला. चित्रकारानं जे दिसलं ते प्रामाणिकपणे काढून ठेवलं होतं.

आत्या माइकपाशी परत आली. पदर खोचला, पाय थोडे फाकवून उभी राहिली, आणि रेकॉर्डिस्टला म्हणाली, “हं, सोड आता होड्या.”

काचेपलीकडून मला तिचा पाठमोरा खांदा दिसत होता. वाक्य सुरू झाल्यावर तो एकदा वर गेला आणि मग अतिशय हळू, कुठंही न थांबता, खाली येत राहिला. दुसरं ‘मधून’ मला ऐकूच आलं नाही. ‘मी आहे ना’ आलं.

रेकॉर्डिस्टनं आवाज चित्रावर बसवला आणि दोन्ही एकत्र चालवले. मग त्यानं चित्रं मोजायला घेतली, सेकंदाला चोवीस; एखाद्या चित्राचा फरक डोळ्याला कळत नाही. वाक्याच्या शेवटी चिचुंद्रीचं तोंड दोनशे सोळाव्या चित्राला मिटतं. आत्याचा आवाज दोनशे पंधराव्या चित्राला संपला.