शर्मिलेचा ब्रश

अर्धांगवायूचा झटका आलेल्या डॉमिंगोला वास्कोहून ॲम्ब्युलन्सने आचऱ्याला घरी आणून टाकलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोला, क्लेमेंटिनाला, एका अनोळखी बाईचा फोन आला.

"मी शर्मिला. त्यांच्या पिशयेत दाढयेचो ब्रश आसा, निळ्या मुठीचो. तोच वापरा. जनावराच्या केसांच्या ब्रशान त्यांच्या गळ्यार पुरळ येता, म्हणान मी ह्यो सिंथेटिक हाडललंय. कढत पाणी नको, केस वाकडे होतत. साबण सगळो जायसर धुवचो, पिळूचो नाय, नुसतो झाडूचो, आनि तोंड खाली करून टांगूचो. सांभाळलात तर वर्सान् वर्सां टिकतलो."

"तू कोण गो त्याची?" क्लेमेंटिनाने विचारलं. फोन बंद झाला.

सांगायची गरजही नव्हती. डॉमिंगो कित्येक वर्षं वास्कोला गोदीच्या कँटीनमध्ये आचारी होता. नाताळला यायचा, मे महिन्यात चार दिवस तोंड दाखवायचा. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं क्लेमेंटिनाने केलं. म्हातारी गेली तर "रजा मिळाक नाय" म्हणून हा मातीलासुद्धा आला नाही. मुलगा रॉयडन आता दुबईला, मुलगी ग्लेनिशा लग्न होऊन म्हापशाला. आणि धडधाकट होता तोवर दुसरीकडे राहिलेला नवरा निम्मा मेल्यावर हिच्या पदरात पडला होता.

ब्रश खाडीत फेकायला म्हणून ती मागच्या दारी गेली. हात उचलला, आणि तिथेच थांबली. फेकला की संपलंच. मग रोज सकाळी याच्या तोंडाला काय फासायचं?

डॉमिंगोची उजवी बाजू लुळी होती, जीभ जड झाली होती. पण कान आणि डोकं शाबूत होतं. क्लेमेंटिनाला तेवढं पुरेसं होतं. उशाला टॉवेल पसरून, कोमट पाण्यात ब्रश नुसता बुडवून ती फेस काढायची, आणि चित्रकार रंग लावतो तसा अलगद त्याच्या गालांवर फिरवायची.

"तुझ्या शर्मिलेचो ब्रश," ती रोज म्हणायची. "मऊ लागता मा? मऊच लागतलो. मऊ हातांच्या बायलेन दिल्लो."

तो मान वळवायचा. ती हनुवटी धरून सरळ करायची. हातात रेझर असायचा, त्यामुळे त्याला हलताही येत नसे.

ब्रशाची मात्र तिने डोळ्यांत तेल घालून निगा राखली. बुडाशी साबणाचा पांढरा थर धरू लागला की पोर्कसाठी ठेवलेल्या माडाच्या व्हिनेगरचे चार थेंब कोमट पाण्यात टाकून ती तो खळखळून काढायची. एकदा केसांचा गुच्छ मुठीतून सुटला. तिने पाण्यात न सुटणारा डिंक लावून, दोरा बांधून तो खिडकीत वाळत ठेवला आणि तोवर बोटांनीच फेस लावला. "आज तिका रजा," ती डॉमिंगोला म्हणाली. ब्रश झिजू नये, एक केस गळू नये, नवऱ्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत पुरावा, एवढंच तिला हवं होतं.

शेजारची नर्मदा हे बघून म्हणायची, "सेवा करूची तर तुझ्यासारखी गो बाय." क्लेमेंटिना नुसती हसायची.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका सकाळी फाटकाची कडी वाजली. डॉमिंगोचा उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस होता. दारात पिकल्या केसांची एक बाई उभी होती, हातात कापडी पिशवी.

"मी शर्मिला. वास्को सोडलंय. फोंडाघाटाक भावाकडे कायमची जातंय. म्हटला, वाट वाकडी करून तुमका भेटान जावया."

या घडीची क्लेमेंटिनाने मनात किती उजळणी केली होती! तिने एक शिवी दिली नाही. शर्मिलेला मनगटाला धरून थेट खाटेपाशी नेलं. डॉमिंगोने तिला पाहिलं आणि तोंड उशीत खुपसलं. उशी फेसाने माखली.

"घे," क्लेमेंटिनाने ब्रश शर्मिलेच्या हातात कोंबला. "तुझोच आसा. उरलेलो गाल तू कर. माका बघूचा आसा."

शर्मिलेने ब्रश उलटासुलटा करून पाहिला. डॉमिंगोकडे ती वळली नाही.

"बाय, माका ह्येणी सांगलेला, बायल मेली," ती म्हणाली. "दर नाताळाक म्हणत, बायलेच्या फोंडार मेणबत्ती लावन येतंय. झटको इलो तेवा मोबायलात रॉयडनाचो नंबर गावलो. मी विचारलंय, घरात कोण आसा? तो म्हणालो, मम्मी. ह्यांका हय धाडल्यार दुसऱ्या दिवशी तुमका फोन केलंय. माफी मागू काय रडू, काय कळाक नाय. तोंडातसून ब्रशाचाच इला."

क्लेमेंटिना डॉमिंगोवर वाकली. "खरा?"

त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

आपल्या थडग्यावर मेणबत्ती! इकडे ती त्याच्या आईची कुशी बदलत होती, आणि तिकडे हा तिला मातीत घालून मोकळा झाला होता. इतकी वर्षं दोघांसाठी जपलेला संताप आता एकट्या डॉमिंगोच्या वाट्याला आला, आणि क्लेमेंटिनाचे हात एकदम थंड, स्थिर झाले.

"चल गो आत," ती शर्मिलेला म्हणाली. "चाय करतंय."

"आनि ह्यांचो गाल?"

"सुको दी."

मागच्या नळावर शर्मिलेने ब्रश धुतला, क्लेमेंटिनाने झाडून टांगला. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. वास्कोच्या ताटात मीठ कमी, आचऱ्याच्या ताटात तिखट जास्त, अशी त्याची दोन्हीकडे कुरकुर. आईच्या मातीच्या दिवशी रजा नव्हती, तेव्हा हा शर्मिलेच्या घरी मोरी मासा खात होता. एकीने सांगावं, दुसरीने पुरं करावं. भिंतीपलीकडे डॉमिंगो सगळं ऐकत पडला होता. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. एकदा आतून दोघींचं हसू आलं, तेव्हा तो "आं, आं" करून ओरडला. कोणी उठलं नाही.

दुपारच्या एसटीला निघताना शर्मिला "येतंय" म्हणाली, ते क्लेमेंटिनाला.

दुसऱ्या दिवसापासून क्लेमेंटिना नवऱ्याचा उजवा गालच तेवढा करू लागली. डावीकडे पांढरे खुंट वाढत गेले. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर चार घरची माणसं नेहमीसारखी त्याला बघायला आली. नर्मदाही आली.

"ह्या काय गो बाय? अर्ध्यारच सोडलंस?"

"दोन तोंडां आसत त्याची," क्लेमेंटिना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्या आचऱ्याचा. ह्या वास्कोचा. बसा, सगळा सांगतंय."

डॉमिंगोच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि खुंटांत अडकलं. क्लेमेंटिनाने ते पुसलं नाही. खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून ती नर्मदेच्या घरून आणखी दोन आणायला गेली.